नकाशावर गाव, गल्ला भलत्याच्या हाती

१५ जून २०२५, रविवार. मावळात इंद्रायणीवर कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल भर दुपारी कोसळला. चार जणांचा जीव गेला, पन्नासएक जण जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथं लावलेला होता, नव्या पुलाची मंजुरीही झालेली होती. तरी त्या दुपारी त्यावर माणसांची दाटी होती आणि माणसांच्या जोडीला दुचाक्याही होत्या. पुढचे आठ दिवस चर्चा दोनच गोष्टींची झाली: लोकांना अक्कल नाही आणि सरकारला जाग नाही. दोन्ही खरं मानलं तरी एक प्रश्न उरतो. पंधरा वर्षांपूर्वी कुंडमळा आसपासची चार गावं सोडली तर कुणाला माहीत होता? आता पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. ही गर्दी रीलनं आणली, नकाशाच्या ॲपनं थेट नदीच्या काठापर्यंत पोचवली. ती किती आहे हे मोजायचं काम मात्र कुणाकडेच नव्हतं.

मागास, आडबाजूच्या भागात पर्यटन वाढायचं तर इंटरनेट हवं, ऑनलाइन बुकिंग हवं, यूपीआय हवं, यावर आता वाद उरलेला नाही. ते आलं आणि त्यानं पर्यटक आणलेही. माझा आक्षेप पुढचा आहे. आपण या सगळ्याकडे केवळ जाहिरातीचं साधन म्हणून पाहतो. येणारी माणसं मोजायची, गरज पडली तर थांबवायची आणि त्यांनी टाकलेला पैसा गावातच ठेवायचा, ही कामंही हेच तंत्रज्ञान करू शकतं. त्यासाठी त्याची किल्ली गावाकडे असावी लागते. आज ती नाही. म्हणून धंदा वाढतो, आकडे फुगतात आणि गावाच्या वाट्याला कचरा, गाड्यांची रांग आणि मधूनमधून एखादा पंचनामा येतो.

सिंधुदुर्गचं उदाहरण घेऊ. १९९७ साली हा जिल्हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. कोकणचा कॅलिफोर्निया होणार, हे वाक्य त्या काळात इतक्या भाषणांत आलं की पुढं ते विनोदातच वापरलं जाऊ लागलं. प्रत्यक्षात पुढची कैक वर्षं तारकर्ली-देवबागला येणारा पाहुणा ठरलेलाच असायचा. कुणाच्या तरी ओळखीनं आलेला, गावच्या चाकरमान्यानं पाठवलेला, नाहीतर एमटीडीसीच्या निवासात जागा मिळाली नाही म्हणून शेजारच्या घरी उतरलेला. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ च्या सुमारास हात घातला, त्याचं पुढं काय झालं ते कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाच्या कंबरेला ठाऊक आहे. चिपीचा विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि तिथल्या विमानसेवेचं रडगाणंही त्याबरोबरच सुरू झालं.

म्हणजे रस्ता रखडला, विमान बेभरवशाचं निघालं, आणि तरीही गर्दी वाढली. ती वाढवली फोननं. २०१६ च्या एप्रिलमध्ये यूपीआय आलं, सप्टेंबरमध्ये जिओ आलं. एका जीबीला दोन-अडीचशे रुपये मोजणारा माणूस बघता बघता रोज एक जीबी उडवू लागला. देवबाग ही कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधली जमिनीची चिंचोळी पट्टी. जमिनीवरून चालताना तिचं रूप कळत नाही. दोन्ही बाजूंना घरं, माड, कुंपणं. ड्रोनमधून मात्र एका अंगाला निळा समुद्र, दुसऱ्या अंगाला हिरवी नदी आणि मध्ये ही माडांची रेघ दिसते. हे चित्र नागपूर, इंदूर, हैदराबादच्या फोनवर पोचलं आणि सरकारी कागदाला वीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते दोन-तीन हंगामांत झालं.

याचं श्रेय नाकारण्यात अर्थ नाही. ज्या घरातला कर्ता पुरुष मासेमारीवर आणि पोरगा मुंबईतल्या नोकरीवर अवलंबून होता, त्या घरातल्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचा पैसा आला. मागच्या पडवीच्या दोन खोल्या झाल्या, संडास-बाथरूम आत आलं, दारावर क्यूआर कोड लागला. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. बाजारात मासळी घेतानाचा, नारळवाल्याचा, होडीवाल्याचा व्यवहार बँकेच्या खात्यातून दिसू लागला आणि त्या जोरावर कुणाला छोटं कर्जही मिळालं. गावच्या पर्यटनाबद्दल नाकं मुरडणाऱ्या शहरी निसर्गप्रेमींनी हे विसरू नये. त्यांना गाव जसंच्या तसं हवं असतं. गावात राहणाऱ्यांना दुरुस्त झालेलं छप्पर हवं असतं.

पण याच घरातला हिशोब जरा जवळून बघा. देवबागेत एका घरी जेवायला बसलो होतो. सोलकढीचा दुसरा पेला पुढे सरकवता सरकवता घरधनीण फोनवर बोलत होती, आणि बोलणं कुणा पाहुण्याशी नव्हतं. पुण्याचा एक एजंट पलीकडे होता. तीन वर्षांपूर्वी त्यानंच तिच्या घराचं नाव बुकिंगच्या साइटवर टाकलं, फोटो काढले, नकाशावर पिन लावली. फोन नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्डही त्याच्याचकडे. आता तिला स्वतः बुकिंग घ्यायचं होतं आणि तो म्हणत होता, नवीन खातं उघडा. नवीन खातं म्हणजे जुने साडेतीनशे अभिप्राय आणि चार पॉइंट सहाचं रेटिंग त्याच्याकडे राहणार. फोन ठेवून ती म्हणाली, ‘घर माजा, जेवाण माजा, आणि नाव त्येच्या खात्यार.’ मग जरा थांबून, ‘फोटो बघून इले म्हणतत, आणि लाईट गेली की माका इचारतत, एसी कित्याक बंद?’

तिच्या तक्रारीत सगळं आलं. पूर्वीच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत मालमत्ता म्हणजे जमीन, घर, होडी, कलमं. पर्यटनाच्या धंद्यात नकाशावरची ती पिन, तो फोन नंबर आणि ते अभिप्राय हीसुद्धा मालमत्ता आहे, आणि तिचा सातबारा कुठल्याच तलाठ्याकडे नाही. ज्यानं आधी नोंद केली तो मालक.

त्यात कमिशन. बुकिंगच्या मोठ्या कंपन्या साधारण पंधरा ते पंचवीस टक्के घेतात. दोन हजारांच्या खोलीवर वीस टक्के धरले तर चारशे रुपये गेले. एवढ्यात दोन माणसांचं बांगड्याचं जेवण होतं. मोठ्या हॉटेलाला हे परवडतं, कारण त्याच्याकडे शंभर खोल्या आहेत आणि भाव घासायला माणसं आहेत. दोन खोल्यांच्या घराला ‘घ्या नाहीतर सोडा’ हेच ऐकावं लागतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबो समूहाला सुमारे २२३ कोटींचा आणि ओयोला सुमारे १६९ कोटींचा दंड ठोठावला. हॉटेलनं दुसरीकडे कुठं, अगदी स्वतःच्या साइटवरही, कमी भाव लावू नये अशी अट घालणं हा मेकमायट्रिप समूहावरचा एक मोठा ठपका होता. दिल्लीतल्या आयोगापुढं हॉटेलवाल्यांच्या संघटना जाऊ शकतात. देवबागच्या त्या बाईनं कुठं जायचं?

आणि पायाभूत सुविधांबद्दल बोलायचं तर आपल्याला टॉवर दिसतो, त्यामागचा विजेचा खांब दिसत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. वीज नाही म्हणून टॉवर बंद, टॉवर बंद म्हणून फोन बंद. बागायतदारांच्या सुपारी-नारळाच्या बागा भुईसपाट झाल्या, ते नुकसान निदान डोळ्यांना दिसत होतं. बुकिंग, चौकशा, पैसे परत करणं, हे सगळं ज्यांनी फोनवर नेलं होतं त्यांचा धंदा आवाज न करता बसला. वर्षभरात तौक्ते आलं आणि पुन्हा तेच. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं, हे कोकणातल्या पोरालाही कळतं. किनाऱ्यावर भूमिगत वीजवाहिन्या आणि टॉवरला पुरेसा बॅटरीसाठा, हा पर्यटनाचाच खर्च आहे हे मात्र पर्यटनाच्या बजेटमध्ये सहसा दिसत नाही. तिथं महोत्सव दिसतो.

आता गर्दी मोजण्याकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तिथं होते आहे.

सह्याद्रीतल्या एखाद्या धबधब्याच्या किंवा धरणाच्या वाटेवर पावसाळ्यात गेलात तर गावाच्या वेशीवर दोन पोरं दिसतील. रस्त्यावर आडवा बांबू, हातात पावतीपुस्तक. स्वच्छता कर म्हणा, पर्यटक कर म्हणा, वीस-तीस-पन्नास रुपये. गाडीतले लोक काच खाली करतात आणि पहिलं वाक्य असतं, ही कसली खंडणी? पोरांचा पारा चढतो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, बांबू वर जातो. पावती कुणी फाडली, किती फाडल्या, पैसे पंचायतीच्या खात्यात पडले की वाटेतच जिरले, याचा मेळ संध्याकाळी कुणाला लागत नाही. त्या दिवशी गावात किती गाड्या शिरल्या, हा आकडा सरपंचाकडे नसतो, तहसीलदाराकडे नसतो, पोलिसांकडे नसतो. गाडीत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात मात्र तो क्षणोक्षणी नोंदवणारा फोन असतो. एका परदेशी कंपनीला ताम्हिणी घाटात आत्ता किती वाहतूक आहे ते लाल रेघेत दाखवता येतं, आणि घाटाखालच्या ग्रामपंचायतीला दोन हजार गाड्या येऊन गेल्याचं दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या ढिगावरून समजतं.

मोजमाप नाही म्हटल्यावर प्रशासनाकडे दोनच उपाय उरतात: सगळं उघडं किंवा सगळं बंद. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि पाठोपाठ पुणे जिल्ह्यातल्या ठिकाणांवर मनाईचे आदेश निघाले. दरवर्षी हेच होतं. दुर्घटना, बंदी, दोन आठवडे पोलीस, मग पोलिसांना दुसरीकडे बंदोबस्त आणि पुन्हा गर्दी. बंदीच्या काळात मरतो तो भुट्टा भाजणारा आणि चहाचा टपरीवाला. त्याचा हंगाम मुळात दहा शनिवार-रविवारांचा, त्यातले तीन गेले.

मधला मार्ग आहे आणि तो महाराष्ट्रातच, साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर सापडतो. कास पठार. साडेआठशेच्या वर प्रकारच्या फुलझाडांच्या नोंदी इथं आहेत. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कासचा समावेश झाला, आणि त्यानंतर पठारावर जी झुंबड उडाली ती अनेकांना आठवत असेल. फुलांत लोळून फोटो काढणारे, पठारावर गाडी घालणारे, तेरडा मुठीनं उपटून डोक्यात माळणारे. वनखातं आणि परिसरातल्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती यांनी मिळून दिवसाला तीन हजारांची मर्यादा घातली, ऑनलाइन आरक्षण सुरू केलं, शुल्क लावलं, गाड्या लांब थांबवल्या. गावातली पोरं वाटाडे आणि राखणदार झाली. कारवीची, सीतेच्या आसवांची, गेंदाची माहिती ती आता सराईतपणे सांगतात. शुल्कातून त्यांना हंगामी मजुरी मिळते, पठाराची साफसफाई होते.

कासमध्ये सगळं आलबेल आहे असं नाही. पठाराला कुंपण घातल्यावर चराई थांबली आणि त्यानं फुलं कमी झाली, असं स्थानिकांचं आणि काही अभ्यासकांचं म्हणणं होतं. तो वाद बरीच वर्षं चालला. सुट्टीच्या दिवशी आरक्षण न करता येणाऱ्यांपुढं व्यवस्था वाकते. कासच्या रस्त्यावरच्या बेकायदा बांधकामांचा प्रश्न तर वेगळाच, आणि त्याला ऑनलाइन तिकीट हे उत्तर नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्या फोननं गर्दी आणली त्याच फोनवर ‘आजची तिकिटं संपली’ असं लिहून येऊ शकतं, आणि ते वाचून माणूस पुण्यातच थांबतो. पठाराच्या तोंडाशी पोचलेल्या माणसाला परत फिरवायला पोलीस लागतो. घरी सोफ्यावर बसलेल्याला एक ओळ पुरते.

काही ठिकाणी तर संख्या हाच निसर्ग टिकण्या न टिकण्याचा प्रश्न असतो. भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडी भागात मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत काजवे लखलखतात. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं रात्री एका लयीत पेटतात आणि विझतात. तो प्रकाश म्हणजे नरमादीची एकमेकांना दिलेली खूण. त्या जंगलात शनिवारी रात्री शेकडो गाड्या हेडलाइट लावून शिरल्या तर ती खूण त्या झगमगाटात हरवते. वनखातं तिथं नाके लावतं, वेळा ठरवतं, नियमांचे फलक लावतं. पण नाक्यावर येईपर्यंत माणूस दोनशे किलोमीटर कापून आलेला असतो, गाडीत पेंगुळलेली पोरं असतात, आणि नाक्यावरचा वनरक्षक एकटा असतो. अशा वेळी काय होतं ते सांगायला नको.

या बाबतीत तामिळनाडूनं आपल्यापेक्षा धीटपणा दाखवला, तोही न्यायालयानं कान पिळल्यावर. ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना ई-पास सक्तीचा झाला. पुढच्या वर्षी मद्रास उच्च न्यायालयानं उन्हाळ्याच्या हंगामापुरती गाड्यांची मर्यादाच घालून दिली: निलगिरीत, म्हणजे उटीच्या जिल्ह्यात, एरवी दिवसाला सहा हजार, शनिवार-रविवारी आठ हजार. स्थानिकांच्या गाड्या आणि सार्वजनिक बसगाड्या यातून वगळल्या. व्यापाऱ्यांनी आरडाओरडा केला, बंदही पाळला. तो राग समजण्यासारखा आहे. पण आकडा ठरवला की निदान तो चुकीचा आहे की बरोबर यावर भांडता येतं. आपल्याकडे भांडायला आकडाच नाही.

इथं कुणी म्हणेल, ठीक आहे, लावा सगळीकडे ऑनलाइन तिकीट. इतकं सरळ नाही. तिकीट ऑनलाइन झालं म्हणजे गल्ला गावाकडे आला असं होत नाही. ताडोबाचं उदाहरण ताजं आहे. तिथल्या सफारीचं ऑनलाइन आरक्षण ज्या खासगी कंत्राटदाराकडे होतं त्यानं बारा कोटींच्या वर रक्कम व्याघ्र प्रकल्पाकडे भरलीच नाही, असा गुन्हा २०२३ मध्ये दाखल झाला. वाघाच्या जंगलासारख्या, सरकारचं बारीक लक्ष असलेल्या ठिकाणी हे घडू शकतं, तर एखाद्या ग्रामपंचायतीनं ‘सॉफ्टवेअरवाल्या’ ओळखीच्या माणसाकडे तिकीट सोपवल्यावर काय होईल? देवबागच्या बाईचं जे झालं तेच अख्ख्या गावाचं होईल.

म्हणून व्यवस्था सरकारनं बांधावी आणि मालकी गावाची असावी. यूपीआय कसं उभं राहिलं ते आठवा. पैशांच्या व्यवहाराचा सामाईक रस्ता बँकांच्या सामाईक संस्थेनं बांधला, त्यावर कुणीही आपली गाडी चालवावी. तसं प्रवेश आणि आरक्षणाचं एक सामाईक व्यासपीठ राज्यानं करावं आणि ग्रामपंचायतींना, वन समित्यांना फुकट वापरू द्यावं. किती माणसं सोडायची हे ग्रामसभेनं वनखात्याशी बोलून ठरवावं. पैसे त्याच दिवशी गावाच्या खात्यात पडावेत आणि आकडा पंचायतीच्या फळ्यावर लागावा. घरगुती निवासांची नोंद गावाच्या नावानं व्हावी, म्हणजे अभिप्राय त्या घराचे राहतील, एजंट बदलला तरी. यात आकाशातून काही आणायचं नाही. मंत्रालयातून निघणाऱ्या प्रत्येक नव्या पर्यटन ॲपवर जो खर्च होतो त्यात हे बसावं. त्या ॲपांवर कुणी जातं का, हा प्रश्न विचारणं आता उद्धटपणाचं वाटतं, म्हणून सोडून देतो.

गावांना हे झेपेल का, असं विचारणाऱ्यांनी वेळासला जाऊन यावं. मंडणगड तालुक्यातलं हे छोटं गाव. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला. एके काळी अंडी चोरीला जायची. आज पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. कुठल्या घरी किती पाहुणे, जेवण काय, हे गाव ठरवतं. किनाऱ्यावर पंचतारांकित काही उभं राहिलेलं नाही. पिल्लं कधी बाहेर येतील याचा अंदाज इंटरनेटवर कळतो, बाकी काम फोनवर उरकतं. तंत्रज्ञान किती लागतं याचा हाही एक धडा घेता येईल: गाव एकत्र असेल तर थोडं पुरतं.

दोन हरकती मात्र मी गंभीर मानतो. पहिली, गावाची मालकी म्हणता म्हणता टोळी तयार होते. गोव्यातला टॅक्सीचा वाद बघा. २०१८ मध्ये राज्याच्या पर्यटन विकास महामंडळानं गोवामाइल्स ही ॲप-टॅक्सी आणली, तेव्हापासून स्थानिक टॅक्सीवाल्यांचा तिला विरोध आहे. त्यांची भीती खोटी नाही. बाहेरच्या कंपनीनं भाव पाडले तर गाडीचा हप्ता कुठून भरायचा? पण विमानतळावर उतरलेल्या माणसाला मीटरशिवाय, मनाला येईल तो भाव सांगायचा, ही रीतही गोव्याला महागात पडली आहे. गावाच्या हाती किल्ली देताना भाव उघड असला पाहिजे, हिशोब उघड असला पाहिजे, नाहीतर एजंटाच्या जागी सरपंचाचा भाचा येईल. डिजिटल व्यवस्थेचा खरा उपयोग इथंही आहे. पावतीपुस्तकात जे लपतं ते इथं लपवायला कष्ट पडतात.

दुसरी हरकत एसटीनं येणाऱ्या माणसाची. स्मार्टफोन नसलेली म्हातारी, शाळेची सहल, ज्याला क्रेडिट कार्ड म्हणजे काय ते माहीत नाही असा शेतकरी, यांनी कास बघू नये का? मर्यादा आली की पहिला फटका त्यांना बसतो, कारण तिकिटं ऑनलाइन उघडली की आयटी पार्कातली मुलं ती आधी पटकावतात. म्हणून रोजच्या संख्येतला ठरावीक वाटा एसटी स्टँडवरच्या खिडकीसाठी राखून ठेवायला हवा, आणि एसटीनं येणाऱ्याला स्वस्तात सोडायला हवं. एका बसमध्ये चाळीस माणसं येतात. तेवढ्याच माणसांच्या दहा गाड्या घाटात उभ्या करून बघा.

हे सगळं करायला मुहूर्त हवा असेल तर तो आलेला आहे. ११ जुलै २०२५ ला मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. त्या दिवशी पेढे वाटले, फटाके वाजले, ते योग्यच होतं. कासला वारसा यादीत गेल्यावर काय झालं ते आपण पाहिलेलं आहे, त्यामुळे या किल्ल्यांच्या पायथ्याशी काय होणार आहे याचं आश्चर्य वाटायचं कारण नाही. बहुतेक किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, म्हणजे तिथं दिल्लीकडे बोट दाखवता येईल. पण साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्याच पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. त्यातला साल्हेर नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. पायथ्याला साल्हेरवाडी आणि वाघांबे ही आदिवासी वस्तीची गावं. राजगडावर आज जेवढी माणसं चढतात तेवढी साल्हेरला अजून येत नाहीत. प्रवेशाची नोंद कुणाच्या खात्यावर, दिवसाला किती माणसं, वाटाडे कुठले, जेवण कुणाच्या घरी, हे ठरवायला तिथं निदान दोन-तीन हंगामांची सवड आहे. पहिला एजंट कॅमेरा घेऊन वाघांब्यात पोचायच्या आत मुंबईतल्या संचालनालयानं तिथल्या ग्रामसभेला एक पत्र पाठवून बैठक लावली तरी सुरुवात होईल.